सातच्या बातम्या ते सहा खिडक्या

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे अजमानला आले होते. इथे संध्याकाळचे साडेसात वाजले की तिकडे नऊ वाजतात, आणि मराठी वृत्तवाहिन्यांवर चर्चेचा फड रंगतो. मी दुबईच्या ऑफिसातून निघून, शेख मोहम्मद बिन झायेद रोडच्या ट्रॅफिकशी दोन हात करून घरात पाऊल टाकायचो तेव्हा बाबा रिमोट हातात धरून बसलेले असायचे. पडद्यावर सहा खिडक्या, सहा खिडक्यांत सहा चेहरे, आणि सहाही जण एकदम बोलतायत! एके दिवशी चौथीतल्या आमच्या लेकीने विचारलं, "आजोबा, हे सगळेच बोलतायत, मग ऐकतंय कोण?"

बाबा हसले आणि म्हणाले, "अगं, आमच्या वेळी एकच माणूस बोलायचा आणि अख्खा वाडा ऐकायचा."

झालं! त्या रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून आमची मैफल जमली ती टीव्हीवरच. एका माणसापासून सहा खिडक्यांपर्यंत आपण कसे पोचलो, याचा शोध मी त्यानंतर थोडा हौसेने आणि थोडा पश्चात्तापापोटी घेतला. पश्चात्ताप कशाचा, ते शेवटी सांगतो.

मंडळी, मी कॉम्प्युटरवाला माणूस. आमच्या धंद्यात पहिला धडा असा असतो की डेटाबेसमध्ये ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट साठत नाही. माहिती कितीही मोलाची असो, रकाना नसेल तर ती हवेत विरते. टीव्हीच्या कार्यक्रमाचा 'फॉरमॅट' म्हणजे तरी दुसरं काय? कार्यक्रम किती वेळाचा, माणसं किती, कोण कुठे बसणार, कोणाला किती बोलू द्यायचं आणि मध्येच कोण थांबवणार, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आपल्याला वाटतं, पाहुणा बोलतोय. खरं तर पाहुणा त्याला दिलेल्या रकान्यात मावेल तेवढंच बोलत असतो.

एक टेबल, एक माणूस

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या बाल्यावस्थेतल्या टीव्हीसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याचा मान पु. ल. देशपांड्यांना मिळाला, अशी नोंद पुलंच्या चरित्रात हमखास सापडते. म्हणजे भारतीय टीव्हीवरच्या मुलाखतीच्या मुळाशी एक मराठी माणूस बसलेला आहे, आणि तोही पत्रकार नव्हे तर गप्पांचा बादशहा!

महाराष्ट्रात टीव्ही यायला मात्र २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र मुंबईला, वरळीला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणेकरांनाही दर्शन होऊ लागलं. बाबा सांगतात, त्यांच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा. ज्ञानदीप, गजरा, आमची माती आमची माणसं... आणि आठवडाभर काय दाखवणार ते सांगणारी 'साप्ताहिकी'सुद्धा लोक कार्यक्रमासारखी बघायचे!

या सगळ्याचा कणा म्हणजे बातम्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नुसती नावं उच्चारली तरी आपल्या आई-वडिलांच्या चेहऱ्यावर वेगळी चमक येते. यातल्या भक्ती बर्वे पुढे 'ती फुलराणी' झाल्या. स्मिता पाटील यांना बातम्या वाचताना पाहूनच श्याम बेनेगल यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. अनंत भावे मुलांसाठी लिहिणारे कवी. म्हणजे बातम्या देणारी माणसं नाटक, सिनेमा, साहित्य यांच्या अंगणातून आलेली होती. उच्चार स्वच्छ, सूर संयत. प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज तर आमच्या पिढीनेही मनसोक्त ऐकला. जून २०२२ मध्ये ते गेल्याची बातमी आली तेव्हा इथल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्धा दिवस दुसरा विषय नव्हता.

त्या बातम्यांचा फॉरमॅट कसा होता, हे आजच्या मुलांना सांगायला हवं. एक टेबल, एक माणूस, हातात कागद. कागदावरून वाचता वाचता मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचं, पुन्हा ओळ सापडली पाहिजे. आधी ठळक बातम्या, मग त्याच सविस्तर, शेवटी पुन्हा ठळक बातम्या. चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर. ती फिल्म केंद्रावर आणायची, धुवायची, कापायची, जोडायची. सगळ्या बातम्यांना चित्र मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे शब्दांवर भिस्त, आणि शब्द ऐकायचे तर शांतता हवी. वाड्यातली ती शांतता ही काही केवळ संस्कारांची करामत नव्हती. ती त्या फॉरमॅटचीही गरज होती.

पण मंडळी, जुनं ते सगळं सोनं असं म्हणून मोकळं होता येत नाही. दूरदर्शन सरकारी होतं. मंत्र्यांनी फीत कापली, कोनशिला बसवली, मार्गदर्शन केलं, यासाठी त्या बातम्यांत ऐसपैस रकाना होता. त्याच मंत्र्यांना प्रश्न विचारण्यासाठी रकानाच नव्हता. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात तर वर्तमानपत्रांवरही सेन्सॉरची कात्री होती, तिथे सरकारी टीव्हीची काय कथा? आवाज स्वच्छ होता, पण तो एकाच बाजूचा होता. एकच माणूस बोलायचा आणि अख्खा वाडा ऐकायचा हे खरं, पण वाड्याला उलट बोलायची सोय नव्हती हेही तितकंच खरं.

खुर्चीसमोर खुर्ची

उलट प्रश्न विचारण्याची सोय जगात आधीच झाली होती. अमेरिकेत १९४७ साली 'मीट द प्रेस' सुरू झाला, आणि तो आजही चालू आहे. एक पुढारी आणि समोर प्रश्न विचारणारे पत्रकार, इतका साधा साचा. इंग्लंडमध्ये बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात 'फेस टू फेस' चालला. त्यात मुलाखतकार जॉन फ्रीमन यांची पाठ तेवढी दिसायची. सगळा प्रकाश आणि सगळे क्लोजअप पाहुण्यावर. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेले गिल्बर्ट हार्डिंग १९६० साली याच कार्यक्रमात मृत्यूविषयीच्या एका प्रश्नावर गहिवरले, आणि पाहणाऱ्यांना त्या उग्र मुखवट्यामागचा माणूस दिसला. कॅमेरा तिथे थांबला म्हणून तो दिसला. गप्प बसण्यालाही त्या फॉरमॅटमध्ये रकाना होता!

१९६८ साली अमेरिकेत डॉन ह्युइट यांनी '६० मिनिट्स' सुरू केला. टिकटिकणारं घड्याळ, एका तासात दोन-तीन मोठ्या कहाण्या, आणि प्रत्येक कहाणीत स्वतः हिंडून माहिती काढणारा बातमीदार. बातमी आणि मुलाखत या दोन बहिणी इथे एका घरात नांदायला आल्या. पुढे वृत्तमासिकांसारख्या अनेक कार्यक्रमांनी हाच साचा गिरवला. १९७७ साली डेव्हिड फ्रॉस्ट यांनी रिचर्ड निक्सन यांच्याशी अठ्ठावीस तासांहून अधिक बोलणं चित्रित केलं आणि त्यातून प्रत्येकी दीड तासाचे चार कार्यक्रम केले. वॉटरगेटबद्दल 'मी देशाची निराशा केली' ही कबुली निक्सन यांच्या तोंडून आली, ती पहिल्या दहा मिनिटांत नव्हे.

माझी स्वतःची या प्रकाराशी ओळख झाली ती २००३-०४ साली इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करताना. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री 'न्यूजनाइट' लागायचा. तिथल्या मित्रांनी मला जेरेमी पॅक्समन यांचा तो गाजलेला किस्सा सांगितला. १३ मे १९९७ रोजी त्यांनी माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न सुमारे बारा वेळा विचारला. हॉवर्ड प्रत्येक वेळी बगल देत होते आणि पॅक्समन पुन्हा तिथेच येत होते. पुढे पॅक्समन यांनीच सांगितलं की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार झाला नव्हता, त्यामुळे वेळ भरून काढणं भाग होतं! पण लक्षात घ्या, पाहुणा एकच होता आणि वेळ हाताशी होता, म्हणून उत्तर टाळणंही लोकांना स्पष्ट दिसलं. तिथे आणखी पाच जण असते तर हॉवर्डसाहेब गोंधळात सहज निसटले असते.

आपल्याकडे सरकारी चौकटीतही काही माणसांनी वाट काढली. मुंबई दूरदर्शनचा 'प्रतिभा आणि प्रतिमा' आठवतो का? लेखक, कवी, कलावंत यांच्याशी शांतपणे गप्पा. अध्येमध्ये टाळ्या नाहीत, घाई नाही. याचं मूळ मला आपल्या 'प्रकट मुलाखती'त दिसतं. व्याख्यानमाला, साहित्य संमेलन, वाचनालयाचा वर्धापनदिन, कुठेही स्टेजवर दोन खुर्च्या आणि समोर सतरंजीवर श्रोते. सुधीर गाडगीळ यांच्यासारख्या मुलाखतकारांनी ही कला घराघरात पोचवली. इतर भाषांत वक्त्याचं कौतुक होतं, मराठीत मुलाखतकाराचंही होतं, ही मला तरी आपली खासियत वाटते.

राजकारणाच्या बाबतीत मात्र दरवाजा उशिरा किलकिला झाला. १९८५ साली दूरदर्शनवर 'जनवाणी' आला. मंत्री समोर बसलेले आणि प्रश्न विचारणारे सामान्य लोक. विनोद दुआ सूत्रधार. १९८८ साली प्रणय रॉय यांचा 'द वर्ल्ड धिस वीक' सुरू झाला. त्याच साली मधु त्रेहान यांनी 'न्यूजट्रॅक' काढला, आणि तो चक्क व्हिडिओ कॅसेटवर! टीव्हीवर बातम्या देण्याचा हक्क फक्त सरकारला होता ना, मग बातम्या कॅसेटवर भरून दुकानांतून भाड्याने दिल्या. आखातातल्या आपल्या ज्येष्ठांना व्हिडिओ कॅसेटचं महत्त्व मी काय सांगणार? त्यांची अख्खी दहा वर्षं त्यावरच निघाली.

चोवीस तासांचं पोट

यानंतरची उलथापालथ झाली ती आपल्या शेजारीच. टेड टर्नर यांनी १९८० साली सीएनएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी काढली, पण तिचं नाव जगभर झालं ते जानेवारी १९९१ च्या आखाती युद्धात. बगदादवर बॉम्ब पडत होते आणि लोक घरी बसून ते बघत होते. त्याआधी काही महिने कुवेतमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी नेण्यात आलं होतं. आपल्या मंडळातही त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे आहेत. भारतात याच सुमारास डिश अँटेना आणि केबल आली. मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं होत होती त्या दिवशी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू झाला. १९९३ मध्ये रजत शर्मा यांचा 'आप की अदालत' आला. मुलाखत, पण कोर्टाच्या पोशाखात! पाहुणा आरोपीच्या पिंजऱ्यात, मुलाखतकार वकील, आणि निकाल द्यायला न्यायाधीश. १९९५ साली 'आज तक' आला, तो दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर वीस मिनिटांचा कार्यक्रम म्हणून. संपादक सुरेंद्र प्रताप सिंह यांनी बातम्यांची हिंदी जड सरकारी शब्दांतून सोडवून रस्त्यावर आणली.

मराठीत १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी आणि २००० साली ई-टीव्ही मराठी आली. ई-टीव्हीवर राजू परुळेकर यांचा 'संवाद' लागायचा. एक पाहुणा, एक मुलाखतकार, निवांत बोलणं. मी सुट्टीवर पुण्याला गेलो की आई हातातली भाजी निवडत तो बघत बसलेली असायची. मग २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ साली आयबीएन लोकमत. स्टार माझाचं २०१२ साली एबीपी माझा झालं. पाहता पाहता मराठीत चोवीस तास बातम्या सुरू झाल्या.

आता गंमत बघा. पूर्वी बातम्या जास्त आणि वेळ कमी अशी स्थिती होती. आता वेळ चोवीस तास आणि बातम्या तेवढ्याच! हे पोट भरायचं कसं? नांदेडला किंवा सिंधुदुर्गला बातमीदार, कॅमेरामन आणि ओबी व्हॅन पाठवायची तर डिझेलपासून मुक्कामापर्यंत खर्च. त्यापेक्षा स्टुडिओत एक सूत्रसंचालक बसवा, चार-सहा जणांना त्यांच्या घरून किंवा जवळच्या कचेरीतून जोडून घ्या, एक सवाल टाका, तास निघतो. पाहुणे बोलावेत म्हणून नव्हे, भांडावेत म्हणून निवडायचे, कारण भांडण चालू असताना रिमोटवरचा हात थांबतो, आणि टीआरपी त्या थांबलेल्या हाताचाच असतो. यात कुणी एक खलनायक नाही. हिशेबच तसा आहे.

तो हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती. उरली अठ्ठेचाळीस. सहा पाहुणे आणि एक सूत्रसंचालक असे सात जण. अगदी समान वाटणी केली तरी माणशी सात मिनिटंही येत नाहीत. त्यात प्रस्तावना, ठळक बातम्या, एकमेकांच्या बोलण्यात बोलणं. एवढ्या वेळात कुणी पाटबंधारे, ऊसदर किंवा आरक्षण समजावून सांगू शकेल का? सांगता येतो तो फक्त पवित्रा. या फॉरमॅटमध्ये 'मला नक्की माहीत नाही' किंवा 'तुमचा मुद्दा बरोबर आहे' या दोन वाक्यांना रकानाच नाही. जो ती म्हणेल त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं यायचं नाही.

पडद्याखालून सरकणारी पट्टी घ्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकी वाहिन्यांनी एकाच वेळी खूप माहिती द्यायची म्हणून ती सुरू केली. प्रसंग टळला, पट्टी राहिली. आपत्काळासाठी केलेली सोय पुढे रोजची सवय झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. 'तात्पुरता' म्हणून लिहिलेला कोड दहा-दहा वर्षं चालतो!

भांडणाचा हा साचाही आपला नव्हे. सीएनएनवर १९८२ पासून 'क्रॉसफायर' होता. एक डावा, एक उजवा, आणि खडाजंगी. ऑक्टोबर २००४ मध्ये विनोदी कार्यक्रम करणारे जॉन स्ट्युअर्ट त्यात पाहुणे म्हणून गेले आणि त्यांनी तिथेच बसून सांगितलं की तुमचा हा कार्यक्रम देशाचं नुकसान करतोय. सगळे हसायच्या तयारीत होते, पण तो माणूस गंभीर होता. जानेवारी २००५ मध्ये वाहिनीने कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. अरबी जगात १९९६ साली दोहा इथे अल जझीरा सुरू झाली. तिच्यावरच्या 'विरुद्ध दिशा' अशा अर्थाच्या नावाच्या कार्यक्रमातही दोन पाहुणे समोरासमोर भिडायचे. पण इथे एक गोष्ट विसरू नका. ज्या देशांत टीव्हीवर फक्त सरकारचाच आवाज ऐकू यायचा, तिथे दोन माणसं जाहीरपणे भांडतायत हे दृश्यच लोकांना मोकळ्या हवेसारखं वाटलं. म्हणजे एकच साचा एका ठिकाणी श्वास देतो आणि दुसऱ्या ठिकाणी गुदमरवतो.

कट्टा आणि मजलिस

मराठी वाहिन्यांनी नुसत्या खिडक्याच दिल्या असं म्हटलं तर अन्याय होईल. आयबीएन लोकमतवर निखिल वागळे 'आजचा सवाल'मध्ये रोज वादळ उठवायचे, आणि तेच वागळे 'ग्रेट भेट'मध्ये एका पाहुण्यासमोर बसून सविस्तर बोलायचे. एबीपी माझावर 'माझा कट्टा' आला. त्यात पाहुणा मध्ये आणि भोवती पत्रकारांचा घोळका. नावच किती आपलं! कट्ट्यावर कुणी टेबल आपटत नाही. एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा धागा जोडतो, आणि पाहुणा आपसूक खुलतो. माणूस तोच, वाहिनी तीच, फक्त बसण्याची रीत बदलली की बोलणं बदलतं. फॉरमॅटची ताकद समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

अजमानमध्ये राहून मला या कट्ट्याचा एक चुलतभाऊ भेटला. तो म्हणजे मजलिस. एका स्थानिक क्लायंटच्या घरी जाण्याचा योग आला होता. भिंतीला लागून चारी बाजूंनी बैठक, मध्ये मोकळी जागा, सर्वांना सर्व दिसतात. गहवा आणि खजूर फिरतात, बोलणंही फिरतं. वयाने मोठा माणूस बोलत असेल तर बाकीचे थांबतात, पण बोलायची पाळी सगळ्यांना मिळते. २०१५ साली युनेस्कोने अमिरात, सौदी, ओमान आणि कतार यांच्या या मजलिसला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. वारसा म्हणून नोंदली गेली ती एक बसण्या-बोलण्याची रीत! म्हणजे एक फॉरमॅटच की!

आणि आता यूट्यूबवर घड्याळाची सक्ती नसल्यामुळे लांब मुलाखत परत आली आहे. 'थिंक बँक', 'अमुक तमुक' असे मराठी कार्यक्रम तास-तासभर गप्पा मारतात आणि तरुण मुलं ते गाडी चालवताना ऐकतात. मीही शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ऐकतो. 'लोकांना धीर राहिला नाही' असं आपण उगाच म्हणतो. धीर आहे, फक्त त्याला जागा दिली पाहिजे.

एक अर्धं वाक्य

आता तो पश्चात्ताप. २०१८ च्या गणेशोत्सवात आपल्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा निरोप समारंभ होता. चाळीसहून जास्त वर्षं या वाळवंटात काढून ते रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत निघाले होते. मुलाखत घ्यायची जबाबदारी माझ्यावर. मी भारी हुशारी केली! टीव्हीवर पाहून 'रॅपिड फायर' ठेवला. वीस प्रश्न, प्रत्येकी दहा सेकंद, आणि वेळ संपली की बझर. आवडता पदार्थ कोणता, आवडती नटी कोण, दुबई की रत्नागिरी, वगैरे वगैरे. हॉलमध्ये हशा पिकला.

मधल्याच एका प्रश्नावर, "इथे पहिल्यांदा कसे आलात?" यावर, काका थांबले. म्हणाले, "मी 'द्वारका' बोटीने आलो. मुंबईच्या धक्क्यावर माझी आई..." आणि बझर वाजला. सगळे हसले. काकाही हसले. मी पुढचा प्रश्न विचारला.

'द्वारका' ही मुंबईहून आखातात माणसं आणणारी बोट. १९८२ साली तिच्या फेऱ्या थांबल्या आणि तो समुद्रमार्गच जणू मिटला. त्या बोटीच्या डेकवर बसून आलेली माणसं आता किती उरली असतील? काका २०२१ मध्ये गावीच गेले. धक्क्यावर त्यांच्या आईचं काय झालं, ती काय म्हणाली, ते मला कधीच कळणार नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात बझर अगदी स्वच्छ ऐकू येतो.

मंडळी, सहा खिडक्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? संधी मिळाली तेव्हा मीही तेच केलं. माझ्या फॉरमॅटमध्ये काकांच्या आईला रकाना नव्हता.

आपल्यापैकी बहुतेकांचा इथला मुक्काम नोकरीबरोबर संपतो. दरवर्षी दोन-चार घरं सामान बांधतात. इथे आपले जुने वाडे नाहीत, सातबारा नाही. आपण इथे होतो याचा पुरावा म्हणजे फक्त आपली बोलणी, आणि ती विमानात बसून निघून जातात. म्हणून यंदा आम्ही काही जणांनी एक साधा उद्योग सुरू केला आहे. शनिवारी सकाळी एखाद्या ज्येष्ठांच्या घरी जायचं. दोन खुर्च्या, स्टँडवर एक मोबाइल, पंखा आणि टीव्ही बंद. विचारणारा एकच. नियम तीनच. पहिला, प्रश्न नेमका विचारायचा. 'अनुभव सांगा' असं नाही, तर 'पहिल्या रात्री कुठे झोपलात?' असं. दुसरा, 'तरुण पिढीला संदेश' मागायचा नाही. आणि तिसरा, सर्वांत अवघड नियम म्हणजे समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बहुतेक वेळा खरं बोलणं सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होतं.

सुरुवात मी घरापासून केली. बाबा परत जायच्या आदल्या दिवशी त्यांना समोर बसवलं. "तुमच्या वाड्यात टीव्ही कुणाकडे होता?" इथून आरंभ केला आणि पन्नास मिनिटांनी आम्ही माझ्या आजीपर्यंत पोचलो होतो. तिला ऐकू कमी यायचं, तरी ती रोज संध्याकाळी त्या दारात जाऊन बसायची. का, ते बाबांनी मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी थांबून विचारलं नव्हतं. लेक कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती, एकदाही मध्ये बोलली नाही.

आतापर्यंत चार मुलाखती झाल्या आहेत. यादीत अजून अकरा नावं आहेत आणि त्यातले तिघे या उन्हाळ्यात कायमचे परत निघाले आहेत. ज्यांच्याकडे शनिवारची सकाळ आणि गप्प बसायची तयारी आहे, त्यांनी मंडळाच्या समितीकडे नाव द्यावं. बझर मी घरी ठेवून येईन.